जुनी पेट्रोल गाडी काढून सेकंडहँड इलेक्ट्रिक घ्यायची असेल तर

गाडीला पंधरा वर्षं होत आली की घरात ठरलेली चर्चा सुरू होते. पासिंग पुन्हा करून घ्यायचं, पर्यावरण कर भरायचा, क्लच बदलायचा, की गाडी सरळ काढून टाकायची? नव्या इलेक्ट्रिकचा ऑन-रोड आकडा ऐकून बरेचजण तिथंच थांबतात. पण २०२० ते २०२३ दरम्यान विकल्या गेलेल्या इलेक्ट्रिक गाड्या आता वापरलेल्या गाड्यांच्या बाजारात बऱ्यापैकी आल्यात आणि त्यांच्या किमती पेट्रोल गाड्यांपेक्षा वेगानं उतरतात. आमची जुनी हॅचबॅक काढून मी पुण्यात अशीच एक गाडी घेतली. त्या काळात जी माहिती तुकड्या-तुकड्यांनी गोळा करावी लागली, ती इथं एका जागी, क्रमानं मांडतेय.

पेट्रोल गाडी बघायची आपली सवय म्हणजे वर्ष कितवं, किलोमीटर किती, मालक कितवा. इथं ती अर्धीच कामाला येते. सेकंडहँड इलेक्ट्रिकमध्ये पैसे मोजायचे ते बॅटरीचे आणि तिच्या उरलेल्या वॉरंटीचे. घरी सावकाश चार्ज होत ७० हजार किमी चाललेली गाडी आणि ३० हजारच चाललेली पण महिनोन्‌महिने उभी राहिलेली गाडी शेजारी ठेवल्या, तर मी पहिलीकडे आधी बघेन.

१. आधी प्लग, मग गाडी

गाडी बघायला जायच्या आधी तुमच्या पार्किंगमध्ये वीज येईल का, हे नक्की करा. रात्री घरी चार्जिंगची सोय नसेल तर छोट्या बॅटरीची सेकंडहँड इलेक्ट्रिक घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. सार्वजनिक फास्ट चार्जरचा दर घरच्या विजेच्या साधारण दुप्पट पडतो आणि रांग लागते ती वेगळीच.

सोसायटीत राहत असाल तर कमिटीला लेखी अर्ज द्या. सोबत वायर मीटरपासून पार्किंगपर्यंत कुठून जाणार याचा कच्चा आराखडा आणि परवानाधारक इलेक्ट्रिशियनचं पत्र जोडा. "आग लागली तर?" हा प्रश्न हमखास येतो, त्यावर वाद घालण्यापेक्षा एमसीबी (जास्त भार आला की वीज तोडणारा स्विच), आरसीसीबी (वीज गळली की तोडणारा स्विच) आणि अर्थिंग कसं करणार ते कागदावर दाखवलं की चर्चा लवकर संपते. राहत्या घराच्या चालू वीजजोडणीवरून गाडी चार्ज करायला केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या सप्टेंबर २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत मुभा आहे. ती प्रत अर्जाला लावा.

मीटरबाबत दोन रस्ते आहेत: घरच्याच मीटरवरून वायर ओढायची, नाहीतर महावितरणकडून ईव्हीसाठी वेगळं मीटर घ्यायचं. महिन्याला हजार किमी चालवलं तर चार्जिंगमधली गळती धरून साधारण १८० ते १९० युनिट लागतात. घरगुती दराचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलतात, त्यामुळे गाडीचे युनिट नेहमी तुमच्या सगळ्यात महाग टप्प्यात जाऊन बसतात. बिल आधीच ३०० च्या आसपास असेल तर वेगळ्या मीटरचा हिशेब करून बघाच.

गाडीबरोबर येणारा साधा चार्जर १५ अँपिअरच्या सॉकेटवर चालतो. तो रात्रभर सलग पूर्ण लोड ओढतो, हे इलेक्ट्रिशियनला ठासून सांगा. इस्त्रीसाठी वापरतो तो घरगुती सॉकेट महिन्याभरात पिवळा पडतो. इंडस्ट्रियल सॉकेट, किमान ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर आणि स्वतंत्र एमसीबी लावून घ्या. एक्स्टेंशन बोर्ड अजिबात नको. ७.२ किलोवॉटचा वॉलबॉक्स, म्हणजे भिंतीवरचा जास्त ताकदीचा चार्जर, लावायचा असेल तर ३२ अँपिअरची लाइन आणि बहुधा मंजूर लोड वाढवून घ्यावा लागेल. अर्थिंग नीट नसेल तर बहुतेक चार्जर चालूच होत नाहीत. जुन्या इमारतींत अडतं ते इथंच.

२. रोजचं अंतर आणि वर्षातल्या चार लांबच्या फेऱ्या

जाहिरातीतली रेंज विसरा. बॅटरीचे युनिट, म्हणजे किलोवॉट-अवर, घ्या आणि ६ ने गुणा. शहरात आणि हायवेवर मिळून, एसी लावून, बहुतेक मध्यम गाड्या एवढं देतात. टियागोसारखी हलकी गाडी थोडं जास्त देते. ३०.२ युनिटची पहिली नेक्सॉन ईव्ही कागदावर ३१२ किमी होती. या हिशेबानं ती १८० च्या आसपास येते. त्यातले १५ टक्के राखीव ठेवा.

आता बॅटरी वयानं थोडी उतरलीय असं धरून हा आकडा आणखी दहाएक टक्क्यांनी कमी करा. उरेल त्यात तुमच्या रोजच्या फेऱ्या दोन दिवस बसल्या तर शहरासाठी गाडी पुरेशी आहे. पुणे-मुंबई साधारण १५० किमी, पुणे-कोल्हापूर २३०. कोल्हापूरला दर महिन्याला जाणं असेल तर छोट्या बॅटरीबरोबर वाटेत थांबायची तयारी ठेवा. वर्षातून दोनदाच जाणार असाल, तर त्या दोन फेऱ्यांसाठी चार लाख जास्त घालायचे का, हे घरात बसून ठरवा.

३. बाजारात काय मिळतं

सगळ्यात जास्त दिसते ती नेक्सॉन ईव्ही: जानेवारी २०२० पासूनची ३०.२ युनिटची आणि मे २०२२ पासूनची ४०.५ युनिटची मॅक्स. टिगोर ईव्ही २६ युनिटची. टियागो ईव्हीत १९.२ आणि २४ असे दोन प्रकार. सेकंडहँड घेताना २४ चाच घ्या. एमजी झेडएस ईव्ही आधी ४४.५ आणि २०२२ पासून ५०.३ युनिटची. ह्युंदाई कोना ३९.२ ची, चालायला उत्तम, पण देशात विकल्या गेल्या कमी. त्यामुळे सुटे भाग आणि जवळचं सर्व्हिस सेंटर याची चौकशी आधी करा. महिंद्रा एक्सयूव्ही४०० ३४.५ आणि ३९.४ ची. एमजी कॉमेट १७.३ ची, तिला डीसी फास्ट चार्जिंग नाही, म्हणून ती घरातली दुसरी गाडी म्हणूनच ठीक.

२०२० च्या आधीच्या इलेक्ट्रिक सेडान स्वस्तात दिसतील. त्यातल्या बऱ्याच सरकारी कार्यालयांसाठी किंवा टॅक्सीसाठी घेतलेल्या होत्या आणि त्यांचं फास्ट चार्जिंग जुन्या जीबी/टी पद्धतीचं आहे. आज रस्त्यावरचे चार्जर सीसीएस-२ चे असतात. गाडीचं चार्जिंगचं झाकण उघडून बघा: वर गोल टाइप-२ आणि त्याखाली दोन जाड भोकं दिसली तर सीसीएस-२.

आणखी एक सापळा किमतीचा. नव्या गाड्यांचे भावच मधल्या काळात खाली आलेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये टाटांनी नेक्सॉन आणि टियागो ईव्हीच्या किमती कमी केल्या. विकणारा "मी सतरा लाखांना घेतली होती" म्हणेल. त्याला तेव्हा काय पडली याच्याशी तुमचा संबंध नाही. आज नवी, किंवा तिच्या जागी आलेली गाडी, शोरूमला कितीला मिळते, तिथून उलटं मोजा.

४. कोणाकडून घ्यायची

पहिल्या मालकाकडून थेट मिळाली तर सगळ्यात बरं, कारण गाडी कुठं चार्ज व्हायची हे तुम्हाला डोळ्यांनी बघता येतं. त्याचा सॉकेट बघा, वॉलबॉक्स बघा. "आठवड्यातून किती वेळा फास्ट चार्ज करायचा?" हा प्रश्न गप्पांच्या ओघात विचारा. सरळ विचारलं की सरळ उत्तर मिळतंच असं नाही.

डीलरकडून घेताना नंबरप्लेटकडे नीट बघा. हिरव्या प्लेटवर पांढरी अक्षरं असतील तर खाजगी, पिवळी असतील तर टॅक्सी पासिंग. टॅक्सीची गाडी नंतर खाजगी करून विकायला ठेवलेली असू शकते, म्हणून आरसीवरची जुनी नोंद आणि वाहन पोर्टलवरचा इतिहास तपासा. टॅक्सीच्या बॅटरीनं दिवसातून एकदा तरी फास्ट चार्जर खाल्लेला असतो. आणि अशा गाड्यांची वॉरंटी बऱ्याचदा खाजगी गाडीपेक्षा वेगळ्या अटींची असते.

डीलर "वर १८ टक्के जीएसटी" म्हणाला तर थांबा. डिसेंबर २०२४ मध्ये जीएसटी कौन्सिलनं वापरलेल्या गाड्यांवरचा दर १८ टक्के केला, इलेक्ट्रिकसकट. पण तो डीलरच्या नफ्यावर लागतो, गाडीच्या पूर्ण किमतीवर नाही. दोन खाजगी व्यक्तींमधल्या व्यवहारावर तो लागतच नाही.

५. बॅटरी तपासणं

इथं घाई करू नका. बाकी सगळं दुरुस्त होतं. बॅटरी पॅक बदलायची वेळ आली तर तो खर्च गाडीच्या किमतीच्या घरात जातो.

पहिलं म्हणजे वॉरंटी. बहुतेक गाड्यांना बॅटरी आणि मोटरसाठी ८ वर्षं किंवा १,६०,००० किमी, यातलं जे आधी संपेल ते. मोजणी पहिल्या विक्रीच्या तारखेपासून. म्हणजे ऑगस्ट २०२० च्या गाडीची ऑगस्ट २०२८ ला संपते, तुम्ही कधीही घ्या. ती दुसऱ्या मालकाला मिळते का, त्यासाठी कंपनीत नाव बदलून घ्यावं लागतं का आणि सर्व्हिस चुकवली तर रद्द होते का, हे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये चेसिस नंबर देऊन विचारा. अलीकडच्या काही गाड्यांची "आयुष्यभराची" बॅटरी वॉरंटी फक्त पहिल्या मालकापुरती असते. बॅटरी भाड्यानं घेतलेल्या गाड्याही आता बाजारात येऊ लागल्यात. तिथं गाडी विकणाऱ्याची आणि बॅटरी फायनान्स कंपनीची, असा दुहेरी व्यवहार असतो. तो करार पूर्ण वाचल्याशिवाय टोकन देऊ नका.

दुसरं, सर्व्हिस सेंटरचा बॅटरी हेल्थ रिपोर्ट. विकणाऱ्याला गाडी घेऊन तिथं यायला सांगा, फी तुम्ही भरा. यायला नाही म्हणाला तर पुढची गाडी बघा.

तिसरी पद्धत कोणालाही करता येते आणि माझा सगळ्यात जास्त विश्वास तिच्यावर आहे. गाडी २० टक्क्यांवर येईपर्यंत चालवा, एसी बंद करा, जवळच्या डीसी फास्ट चार्जरवर लावा आणि बरोबर ८० टक्क्यांवर काढा. चार्जरच्या ॲपवर पावती येते, तिच्यावर युनिट लिहिलेले असतात. त्याला ०.६ ने भागा. ३०.२ च्या गाडीत १७ युनिट गेले तर क्षमता सुमारे २८.३, म्हणजे जवळपास ९४ टक्के. छान. १४.५ च गेले तर २४.२ च्या आसपास, म्हणजे ८० टक्के. तेव्हा एकतर भाव पाडा नाहीतर सोडा. डॅशबोर्डवरचा टक्का अगदी काटेकोर नसतो आणि जाहीर केलेली सगळी बॅटरी वापरायला मिळत नाही, त्यामुळे दोन-चार टक्के इकडेतिकडे होणारच. अंदाजासाठी हे पुरेसं आहे.

यात एक पोटसूचना. नेक्सॉन, टियागोसारख्या गाड्यांत एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) जातीची बॅटरी असते. ती नेहमी अर्धवटच चार्ज होत राहिली तर टक्के दाखवण्यात फसते. म्हणून चाचणीच्या आदल्या रात्री गाडी घरच्या चार्जरवर पूर्ण १०० टक्के करून घ्यायला सांगा. आणि चालवताना २५ टक्क्यांच्या खाली गेल्यावर लक्ष ठेवा: आकडा एकदम २२ वरून १४ वर उडी मारत असेल, किंवा गाडीची ताकद अचानक कमी होत असेल, तर पॅकमधले काही सेल बाकीच्यांपेक्षा कमजोर आहेत असा संशय घ्या.

६. रॅम्पवर आणि रस्त्यावर

गाडी रॅम्पवर चढवल्याशिवाय घेऊ नका. खालून बॅटरीचं आवरण दिसतं. त्यावर खोल ओरखडा किंवा खळगा असेल तर कंपनी वॉरंटी नाकारू शकते. स्पीडब्रेकरवर घासल्याच्या बारीक रेघा चालतील. नारिंगी रंगाच्या जाड केबल दिसतील. त्यांना हात लावायचा नाही, फक्त आवरण कुठं फाटलंय का ते बघायचं.

पुराचं पाणी हा आपल्याकडचा खरा धोका. चिपळूण २०२१, सांगली-कोल्हापूर २०१९ आणि २०२१, पुण्यात सिंहगड रोडची एकतानगरी जुलै २०२४: अशा पाण्यातून निघालेल्या गाड्या धुऊन-पुसून दुसऱ्या जिल्ह्यात विकायला जातात. मी बघितलेल्या एका गाडीत सगळं लख्ख होतं, सीटकव्हरही नवीन. पुढची सीट पूर्ण मागं सरकवली तर तिच्या लोखंडी पट्टीच्या खाचेत वाळलेला करडा गाळ. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, स्टेपनीची जागा बघा, डिक्कीचं कार्पेट उचला. विमा कंपनीकडचा क्लेमचा इतिहासही मागा.

चालवून बघायला चढ-उतार हवा. पुण्यात असाल तर नवले पुलावरून नव्या कात्रज बोगद्यापर्यंत चढून परत या. चढताना मोटरमधून घरघर किंवा किणकिण येऊ नये. उतरताना रिजनरेशन लागतंय का, म्हणजे पाय काढल्यावर गाडी आपोआप धरते का आणि रेंजचा आकडा थोडा वाढतो का, ते बघा. फक्त १०० टक्के चार्जवर हे करू नका. भरलेल्या बॅटरीत परत वीज घ्यायला जागा नसते, म्हणून रिजन कमी लागतं आणि उगीच शंका येते.

बाकी झटपट: टायर (इलेक्ट्रिक गाडी जड असते, टायर लवकर झिजतात), ब्रेक डिस्कवरचा गंज, एसी, आणि १२ व्होल्टची छोटी बॅटरी. ती उतरली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी उघडतसुद्धा नाही. तीनेक वर्षांची असेल तर बदलायचे पैसे भावातून कापा. घरचं सावकाश (एसी) आणि फास्ट (डीसी), दोन्ही चार्जिंग तुमच्यासमोर लावून दाखवायला सांगा.

७. कागदपत्रं

विकणाऱ्याकडून घ्यायचं:

- मूळ आरसी, चालू विमा पॉलिसी
- फॉर्म २९ आणि फॉर्म ३० सह्यांसकट
- कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (आरसीवरचा बोजा उतरवल्याशिवाय उरलेले पैसे देऊ नका)
- दुसऱ्या आरटीओची किंवा राज्याची गाडी असेल तर फॉर्म २८, म्हणजे तिथल्या आरटीओची एनओसी
- सर्व्हिसच्या पावत्या, बॅटरी हेल्थ रिपोर्ट, दोन्ही चाव्या
- आधार, पॅन आणि पत्त्याच्या पुराव्याच्या प्रती

पीयूसी मागू नका, इलेक्ट्रिक गाडीला ते लागत नाही. ई-चलन बाकी आहे का ते ऑनलाइन बघा. नाव बदलायचा अर्ज घेणाऱ्यानं ३० दिवसांत करायचा असतो. विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्या; थर्ड पार्टी आपोआप चालू राहतो, पण तुमच्या गाडीचं नुकसान झालं आणि पॉलिसी जुन्याच मालकाच्या नावावर असली तर क्लेम अडकतो. पॉलिसी घेताना बॅटरीचं आणि चार्जरचं संरक्षण देणारं ॲड-ऑन आहे का ते विचारा, पाण्यानं झालेल्या नुकसानासकट.

दिल्लीकडून स्वस्तात येणाऱ्या गाडीचा मोह झाला तर एनओसी, नवं पासिंग, नवा नंबर आणि त्यासाठीच्या आरटीओच्या चकरा हे सगळं धरून हिशेब करा. मला तो कधी जमला नाही.

८. जुन्या गाडीचं काय

ती एक्स्चेंजला देण्याआधी बाहेर दोन ठिकाणी भाव काढा. एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरप्लेट, बसवलेली हवी, नाहीतर ट्रान्सफर अडतं. अधिकृत केंद्रात भंगारात दिली तर सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट मिळतं, पण त्यावरची करसवलत नवी गाडी घेणाऱ्याला. तुम्ही सेकंडहँड घेताय, म्हणजे तिचा तुम्हाला थेट उपयोग नाही.

नो क्लेम बोनस मात्र सोडू नका. तो गाडीचा नसतो, तुमचा असतो. जुन्या विमा कंपनीकडून एनसीबीचं पत्र घेतलं तर ते तीन वर्षांपर्यंत चालतं आणि इलेक्ट्रिकच्या पॉलिसीत लावता येतं. जास्तीत जास्त ५० टक्के सूट मिळते, गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या प्रीमियमवर.

आणि विकलेली गाडी नावावरून उतरेपर्यंत पाठपुरावा करा. आरसीवर ज्याचं नाव तोच मालक, अपघाताच्या भरपाईसकट, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. "एजंट करेल" यावर सोडू नका, वाहन पोर्टलवर नाव बदललेलं स्वतः बघा.

९. ताबा घेताना

पोर्टेबल चार्जर आणि त्याची केबल डिक्कीत आहे का? नवी घ्यायची तर हजारोंत जाते. वॉलबॉक्स विकणाऱ्याच्या भिंतीवर असेल तर तो व्यवहारात धरलाय की नाही, आणि काढून आणून लावायचा खर्च कोणाचा, हे टोकनच्या चिठ्ठीवरच लिहा.

गाडीचं मोबाइल ॲप हा लोकांच्या सहसा लक्षात न येणारा भाग. कनेक्टेड गाडी जुन्या मालकाच्या फोनवर जोडलेली राहिली तर ती कुठं उभी आहे हे त्याला दिसतं, आणि काही गाड्यांत दरवाजेही उघडता येतात. त्याच्यासमोर त्याचं खातं काढून टाका आणि तुमचं जोडा. काही कंपन्या त्यासाठी नवी आरसी मागतात, तोवर निदान त्याच्या फोनवरून गाडी काढायला लावा. जुना फास्टॅग त्याला बंद करायला सांगा, मग तुमचा घ्या. इलेक्ट्रिक मोटारींना अटल सेतूवर ऑगस्ट २०२५ पासून टोलमाफी आहे, पण फास्टॅगची नोंद चुकीच्या नंबरावर असेल तर पैसे कापले जातात आणि परत मिळवायला मेल करत बसावं लागतं.

सॉकेटचं काम गाडी आणायच्या आधी पूर्ण करा. पहिल्या रात्री चार्जिंग सुरू केल्यावर तासाभरानं खाली जाऊन प्लगला हात लावून बघा. कोमट चालेल, चटका बसत असेल तर लगेच बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलवा.